पडीक स्थळाचा उद्धार

आमची चाळ गळते ही गोष्ट सरकारला कळवायची कशी, एवढाच प्रश्न होता. आम्हाला ती माहीत होती. शेजारच्या गल्लीला माहीत होती. पावसाळ्यात आमच्याकडे जेवायला येणारे पाहुणे पानाजवळ छत्री ठेवून बसत, त्यावरून त्यांनाही माहीत असावी. राहता राहिलं सरकार. सरकारला कुठलीही गोष्ट माहीत व्हायची तर ती लेखी व्हावी लागते, आणि लेखी म्हटलं की सगळी चाळ माझ्याकडे बघायची, कारण मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो.

सांगलीत ही चाळ जुन्या संस्थानाच्या बँडवाल्यांसाठी बांधलेली. पुढे संस्थान विलीन झालं, बँड थांबला आणि चाळ तेवढी उरली. संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं हे वर्तमानपत्रात आलं होतं. चाळ कशात विलीन झाली हे कुठल्याच वर्तमानपत्रात आलं नाही. छप्पर धाब्याचं, म्हणजे वर सपाट माती. त्या मातीवर श्रावणात गवत असं माजायचं की शेजारच्यांची शेळी शिडीकडे आशेनं बघत उभी राहायची. आणि मागची भिंत बाहेरच्या अंगाला फुगली होती. ती फुगली होती नेमकी बनुबाईंच्या खोलीमागे.

बनुबाई म्हणजे बँडमध्ये मोठा ढोल वाजवणाऱ्याची विधवा. एकट्या राहायच्या. मुलगा आकाराम शिराळ्याला दुकान टाकून होता, चांगला होता, आणि भिंत पडली की आईला घेऊन जायचं असं त्यानं जाहीर केलं होतं. बनुबाईंना सगळ्या जगात शिराळ्याइतकी भीती कशाची नव्हती.

"मास्तर, तितं पंचमीला जित्ता नाग घरात आनत्यात," त्या मला सांगायच्या. "पाटावर बशिवत्यात त्येला. आनि मी काय त्येच्याम्होरं ताट घिऊन बसू? न्हाई, न्हाई. माझी भिंत तेवडी हुबी ऱ्हाऊ द्या."

सापाच्या धास्तीनं त्यांनी माझ्याकडून दाराच्या चौकटीवर आणि मागच्या भिंतीवर 'आस्तिक' असं गेरूनं लिहून घेतलं होतं. हा शब्द वाचला की साप परत फिरतो म्हणतात. मी तो वळणदार अक्षरात लिहिला होता, सापाला वाचायला अडचण पडू नये म्हणून.

तर त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला वर्तमानपत्रात बातमी आली की, मोडकळीला आलेल्या सार्वजनिक घरांच्या दुरुस्तीसाठी सरकार अनुदान देणार, अर्ज साताऱ्याला पाठवावेत. त्याच संध्याकाळी ओट्यावर सभा भरली. हंबीरराव हवालदार अध्यक्षस्थानी होते, म्हणजे ओट्याचा जो भाग खचलेला नव्हता त्यावर बसले होते. ते लढाईवरून परतलेले गृहस्थ.

"इटलीत आमी असल्या पडक्या घरांत लय मुक्काम केलं," ते म्हणाले. "पर ती बॉम्बनं पडल्याली हुती. हितं बॉम्ब न्हाई, कायबी न्हाई, आनि आपली आपून पडाया लागल्यात. ह्ये बरं न्हवं. मास्तर, अर्जात लिवा, आठ दिसांत भिंत सरळ झाली न्हाई तर ॲक्शन घिऊ."

"कसली ॲक्शन?" मी विचारलं.

"त्ये त्यास्नी कळू द्याचं न्हाई," हंबीरराव म्हणाले.

आमच्या सौ.चं म्हणणं होतं की, चाळ गळते, भिंत फुगली आहे, दुरुस्त करा, असं लिहावं आणि खाली सही करावी. ही बाई मराठीच्या शिक्षकाच्या घरात इतकी वर्षं राहते आहे.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळात मी भाषाशुद्धीच्या नादाला लागलो होतो. ('नाद' संस्कृत आहे, मी पाहून घेतलं होतं.) परके शब्द मी लेखणीला शिवू देत नसे. आता 'अर्ज' हाच शब्द अरबी. त्याच्या जागी 'विनंतीपत्र' लिहिलं. 'सरकार' फारसी, म्हणून 'शासन'. 'दुरुस्ती' फारसी, 'नादुरुस्त' तर दुप्पट फारसी. 'इमारत' अरबी. 'वास्तू' म्हणावं तर ती शांत करावी लागते, आणि आमच्या चाळीची वास्तुशांत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. 'घर' म्हणावं तर ते कुणाच्याच मालकीचं नव्हतं. राहिला 'चाळ'. शब्द अस्सल मराठी, पण त्याला दोन अर्थ. एक राहण्याची चाळ आणि एक नर्तकीच्या पायातले चाळ. सरकारदरबारी ज्या शब्दातून दोन अर्थ निघतात तो शब्द टाळावा, हे मी मुलांना नेहमी सांगत असे. म्हणून तो टाळला. विचार करकरून मी शेवटी लिहिलं ते असं:

'सविनय विनंती की, आमचे हे सार्वजनिक स्थळ दीर्घकाळ दुर्लक्षित राहून पडीक झाले असून त्यावर तण माजले आहे. पर्जन्यकाळी पाणी वाहून जाण्यास मार्ग नसल्याने ते आतच मुरते. मागील बाजू खचत असून तेथील एका वृद्धेस सर्पभय आहे. तरी शासनाने अनुदान देऊन या पडीक स्थळाचा उद्धार करावा.'

सर्पभयाचा खुलासा करायला हवा. भिंत पडली तर बनुबाईंना शिराळ्याला जावं लागेल, तिथं नागपंचमीला नाग असतील, आणि त्यांना नागाचं भय आहे, हा सगळा तपशील मी गाळला आणि फक्त सार ठेवलं. सारलेखन मी वरच्या वर्गांना शिकवतो.

ओट्यावर मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. पूर्वी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे आणि आता लग्नाच्या वरातीत वाजवणारे कुतुबुद्दीन डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मास्तर, लय सुरात हाय. अर्थ न्हाई लागला, पर कुटं बेसूर न्हाई." माझ्या लेखनाला इतकी जाणकार दाद त्याआधी कुणी दिलेली नव्हती. बनुबाईंनी पाकिटाला हळदकुंकू लावलं आणि ते साताऱ्याला रवाना झालं.

वैशाखात एक दिवस सकाळी मी दाढी करत बसलो असताना पटका बांधलेले एक गृहस्थ सरळ स्वयंपाकघरात आले. त्यांनी पावलं टाकत चुलीपासून मागच्या दारापर्यंत अंतर मोजलं, आणि सौ.ना विचारलं, "पानी कुटनं हाय?"

"नळाचं," सौ. म्हणाल्या. "सकाळी येतं."

"नळावर ऊस न्हाई व्हायचा, वैनी," ते गंभीरपणे म्हणाले.

हे लालासाहेब. कृष्णाकाठचे ऊसवाले. अंगणात जाऊन त्यांनी चिमूटभर माती उचलली, नाकाला लावली, चोळून बघितली. मग चाळीकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "माती बरी हाय," ते म्हणाले. "पर घरं लय हायत."

मी तोंडाला साबण तसाच ठेवून त्यांना काय हवं आहे ते विचारलं.

"सरकार 'अधिक धान्य पिकवा' म्हनतंय न्हवं? तवा ही पडीक जमीन कसनाऱ्याला द्याची हाय, असं कचेरीत कळलं. म्हनलं घ्याच्या आदी बघून तरी यावं. तुमी हितं राखन करता काय?"

मी हायस्कुलात मराठी शिकवतो असं मी त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं.

त्याच आठवड्यात साताऱ्याचं उत्तर आलं. आमचं विनंतीपत्र शेतकी खात्याकडे वर्ग झालं होतं आणि मंजूरही झालं होतं. पडीक स्थळाच्या उद्धारासाठी बांध घालायला दगड, जमीन सुधारायला गाळाची माती, हाडांचं खत आणि हुलग्याचं बी मिळणार होतं. खाली एक अट होती. पावसाळा संपायच्या आत स्थळ लागवडीखाली न आल्यास ते ताब्यात घेऊन होतकरू शेतकऱ्यास देण्यात येईल. होतकरू शेतकरी माझं स्वयंपाकघर मोजून गेलाच होता.

"म्हणजे आपल्याला बाहेर काढणार?" सौ. म्हणाल्या.

"शासनाने विनंतीपत्राचा व्यापक अर्थ घेतलेला दिसतो," मी म्हणालो.

"चुकीचा."

"व्यापक."

काय झालं ते बनुबाईंना कुणी सांगितलं नाही, पण त्यांना समजलं. त्या संध्याकाळी त्यांनी ट्रंक काढून पुसून ठेवली. माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा काढली आणि सातारा गाठला. रेल्वेनं सातारा रोड, तिथून मोटारीच्या टपाला टेकलेल्या मानेनं गावात. माझी मान पुढं आठवडाभर त्याच कोनात होती आणि शाळेत सगळ्यांना वाटलं की मी कसला तरी विचार करतो आहे.

कचेरीतला कारकून मला पाहून खुर्चीतून उठला. आजपर्यंत कुठल्याही कचेरीत माझ्यासाठी कुणी उठलं नव्हतं.

"तुम्हीच का ते लिहिणारे? अहो, काय भाषा! सबंध कचेरीला वाचून दाखवलं मी. वाचताना शेत डोळ्यांपुढं उभं राहतं हो."

"ते शेत नाही. ती चाळ आहे."

"चाळ? कुठं लिहिलंय?" त्यानं कागद माझ्यापुढं सरकवला.

मी माझंच लेखन परक्या माणसासारखं वाचलं. त्यात चाळ नव्हती, छप्पर नव्हतं, भिंत नव्हती. तण होतं, मुरणारं पाणी होतं, आणि एक साप होता. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलानं याचा अर्थ शेत असाच सांगितला असता, आणि मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

"पडीक म्हणजे मोडकळीला आलेलं," मी म्हणालो.

"पडीक म्हणजे न पेरलेली," कारकून म्हणाला. "आमच्याकडे तरी."

मग हे रद्द करा, असं मी विनवलं. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा आदर उतरला. मंजूर झालेली गोष्ट रद्द करायची तर ती मंजूर कशी झाली हे आधी सांगावं लागतं, आणि ते सांगायला कुणी तयार होत नाही, असं त्यानं मला समजावलं. शिवाय आता सांगलीचा भाग दक्षिण सातारा नावाच्या नव्या जिल्ह्यात जाणार होता. आमचे बाकीचे कागद गाठोड्यात बांधून झाले होते. "मास्तर, एक सांगू?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "कुठं तरी चार दाणे टाका. हिरवं दिसलं की शेरा मारायला साहेबांनाही बरं पडतं."

मी परत आलो आणि ओट्यावर सगळ्यांसमोर हा वृत्तांत सांगितला. खाली मान घालून सांगितला. ती वरही होत नव्हती. मग हंबीरराव मांडीवर थाप मारून उठले. "म्हंजी ऑर्डर पेराची हाय. ऑर्डर हाय तर पेराचं. कुटं, एवडंच ठरवाचं."

अंगणात पेरावं तर तिथं नळ, धुणं, कुतुबुद्दीनच्या दोन कोंबड्या आणि साऱ्या चाळीची ये-जा. मोकळी माती म्हणाल तर ती एकाच ठिकाणी होती. आमच्या डोक्यावर.

'कायदा धाब्यावर बसवणे' हा वाक्प्रचार मी वर्षानुवर्षं वाक्यात उपयोग करून दाखवत आलो होतो. त्याचा असा उपयोग मला कधी सुचला नसता.

गाळाच्या गाड्या आल्या. पाट्या वर गेल्या. हाडांच्या खताची पोती आली, त्यांच्यामागून गल्लीतली सगळी कुत्री आली आणि मुक्कामालाच राहिली. सौ.नी मला बजावलं की ते खत घरात आलं तर त्या माहेरी जातील. त्यामुळे मी ते वर चढवायला स्वतः हात लावला, आणि शिडीवर असताना माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याचे वडील तिथून गेले. त्यांनी नमस्कार केला. माझे दोन्ही हात पोत्याला होते, म्हणून मी नुसताच त्यांच्याकडे पाहून हसलो. पुढं त्यांनी मुलाची शाळा बदलल्याचं कळलं; कारण वेगळंही असू शकेल.

बांध कुठं घालायचा यावर मात्र वाद झाला नाही. हुकुमात 'उताराच्या बाजूस' असं स्पष्ट होतं. हंबीररावांनी ओट्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी ओट्यावरून उतरलं, बनुबाईंच्या उंबऱ्यातून आत गेलं, खोली ओलांडली आणि मागच्या फुगलेल्या भिंतीखालून बाहेर आलं.

"उतार ह्यो," हंबीरराव म्हणाले.

कायद्याप्रमाणे बांध त्या भिंतीला लागून घालावा लागला. चांगला छातीइतका उंच, दगडावर दगड रचून. माणसानं मागं रेलावं तशी भिंतीनं बांधाला पाठ टेकली आणि तिची फुगण्याची हौस फिटली. साताऱ्याचं उत्तर आल्यापासून चाळीत त्या दिवशी पहिल्यांदाच मला कुणी तरी चहा दिला. बनुबाईंनी दिला. "भिंत हुबी ऱ्हायली, मास्तर," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे टिपले. मला फार बरं वाटलं. माझ्या चुकीतून का होईना, त्या म्हातारीचं घर वाचलं होतं.

पाऊस पडला. हुलगा उगवला. मुळांनी माती धरून ठेवली की काय कोण जाणे, पण चाळीतल्या बहुतेक खोल्या गळायच्या थांबल्या. फक्त माझ्या टेबलावरची धार कायम राहिली.

नागपंचमीच्या दोन दिवस आधी शेतकी अधिकारी पाहणीला आले. तरुण होते, बूट नवे होते. चाळ पाहून ते रस्त्यातच उभे राहिले. मी त्यांना शिडी दाखवली. ते वर चढले आणि बराच वेळ वर राहिले. खाली आम्ही सगळे शिडी धरून उभे. उतरल्यावर त्यांनी कपाळ पुसलं.

"पीक निरोगी आहे," ते म्हणाले. "जमीन जरा उंचावर आहे."

"व्हय," हंबीरराव म्हणाले.

"पाण्याचा निचरा?"

"होतो," मी म्हणालो. "माझ्या टेबलावर."

त्यांनी 'निचरा आहे' असं लिहिलं. मग बांध बघायला आम्ही मागे गेलो. बनुबाई पुढं होऊन कौतुकानं दाखवत होत्या, आणि तेवढ्यात दगडांच्या सांदीतून, मी वळणदार अक्षरात लिहिलेल्या 'आस्तिक' या शब्दाच्या बरोबर खाली, एक नाग निघाला. चांगला पिवळसर, लांब. त्यानं फणा काढला, आमच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा आत गेला. रचलेल्या दगडांत गारवा असतो. उंदीर असतात. कुठलाही नाग अशी जागा सोडत नाही.

हंबीरराव इटलीत शिकलेल्या पद्धतीनं मागे सरले. कुतुबुद्दीन नळाच्या कट्ट्यावर चढून उभे राहिले. अधिकारी पांढरेफटक पडले होते, पण त्यांनी कागद उलटून माझं विनंतीपत्र काढलं आणि त्यावर बोट फिरवलं.

"सर्पभय नमूद आहे," ते म्हणाले. "वस्तुस्थितीशी जुळतं." आणि त्यांनी तिथल्या तिथं शेरा मारला की पडीक स्थळ लागवडीखाली आलं.

चाळ वाचली. पण सगळे बनुबाईंकडे बघत होते. त्या दगडासारख्या उभ्या होत्या. ज्या नागाच्या भयानं त्यांनी शिराळं टाळलं, तो मी सरकारी खर्चानं त्यांच्या उशाशी आणून ठेवला होता. मला तोंड वर करवेना.

आकारामला निरोप गेला. तो पंचमीच्या आदल्या दिवशी मोटारीनं आला. शिराळ्याचाच माणूस, त्यानं बांधापुढं उकिडवं बसून थोडी वाट पाहिली, नाग दिसल्यावर त्याचा चेहरा खुलला.

"लय देखना हाय गड्या!" तो म्हणाला. मग आईकडे वळला. "आये, आता हितं कुनासाटी ऱ्हातीस? नागाला भितीस म्हनून आली न्हाईस. आता नाग हितंच हाय. चल. ट्रंक कुटं हाय?"

ट्रंक पुसून ठेवलेली होती ती मला दिसत होती. बनुबाईंनी एकदा बांधाकडे पाहिलं, एकदा मुलाकडे.

"न्हाई येत," त्या म्हणाल्या.

"आवं बनुबाई, नाग हाय त्यो!" कट्ट्यावरून कुतुबुद्दीन म्हणाले.

"हाय न्हवं. बघितला मी. काल सांजंला भाईर आला, घटकाभर बसला, आनि गप आत ग्येला." त्यांनी पदर सारखा केला. "आकारामा, तुजी बायको उठल्यापास्नं निजंपतूर बोलती. माज्या भाकरीला बोलती, माज्या खोकल्याला बोलती. मी नागाचं नाव सांगितलं, तुला वाईट वाटाया नगं म्हनून. ह्यो परवडला, बाबा. ह्यो बोलत न्हाई."

बायकोचं हे वर्णन आकारामच्या ओळखीचं असावं, कारण त्यानं मान डोलावली आणि ट्रंकेवर बसून राहिला. संध्याकाळी त्यानं हळूच मला विचारलं की, चाळीत एखादी खोली रिकामी आहे का. मी म्हटलं, विनंतीपत्र लिहावं लागेल. तो म्हणाला, "नगं."